तुमचं मत काय?

मंगळवार, ४

ही वही आत्यानं दिली. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलंय, "आधी लिही. मग मार." खाली सही. तेवीस वर्षं सरकारी वकील असलेल्या बाईची सही, म्हणजे हुकूमच.

झालं असं, की सकाळी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर समोरच्या उमेदवाराचं पोस्टर दिसलं आणि मी ते फाडलं. आमची भिंत, आमच्या आत्याविरुद्धचा माणूस, आणि वर तो हसतोय! कुणाचं डोकं फिरणार नाही?

आत्या बाहेर आली. "भिंत माझी, पोस्टर त्यांचं. फाडायचा अधिकार तुला कुणी दिला?" मग खळीची बादली हातात देऊन तिनं मला ते परत चिकटवायला लावलं. तीन तुकडे झाले होते. नाक काही केल्या जुळेना. आता आमच्या भिंतीवर त्या गृहस्थांचं नाक गालावर आहे आणि जाणारे-येणारे थांबून बघतात. आत्या म्हणाली, "याला भरपाई म्हणत नाहीत, दुसरा गुन्हा म्हणतात." पण वळताना हसली.

तिनं गेल्या महिन्यात नोकरीचा राजीनामा दिला आणि राज्याच्या निवडणुकीला उभी राहिली. पक्ष नाही. निशाणी छत्री. पडली तर परत जायला जागा नाही, कारण तिच्या खुर्चीवर नवा वकील येऊन बसलाय. बाबांनी मला इथे पाठवलं. लॉ कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून घरी बसलेला मुलगा आणि उतारवयात निवडणुकीला उभी राहिलेली बहीण, दोन्ही काळज्या एका छपराखाली असल्या की त्यांना बरं.

कॉलेज का सोडलं ते इथे लिहीत नाही. सर म्हणाले, "तुला वकिली नाही, कुस्ती जमेल." मी वही भिरकावली. खिडकीतून बाहेर टाकायची होती. खिडकी बंद होती. बास, एवढंच.

बुधवार, ५

पहिल्या सभेचं पत्रक छापायला गेलो. छापखाना कोर्टाच्या मागच्या गल्लीत. खाली मशीन, वर लाकडी पोटमाळा, तिथे प्रुफं तपासतात. मालकांचा चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे ते काम आता त्यांची मुलगी करते. कानामागे पेन्सिल. बोटांना शाई.

तिनं माझा मजकूर वाचला. "कुणी लिहिलंय?"

"मी."

"एवढी उद्गारचिन्हं घरून आणली, की वाटेत मिळाली?"

नऊ होती. तिनं आठ खोडली. "एक ठेवते. तुम्हाला वाईट वाटायला नको."

मी म्हटलं, "त्या भावना आहेत!"

"असू द्या की. 'विनंति'तली ती दीर्घ करा फक्त."

इतक्या आगाऊ मुलीच्या प्रेमात कुणी पडूच शकणार नाही.

(संध्याकाळी पुन्हा वाचलं. वरचं वाक्य खोटं आहे.)

शनिवार, ८

पहिली सभा, पाण्याच्या टाकीजवळच्या पटांगणात. चिडलोय, पण लिहायला बसलोय, म्हणजे वहीचा उपयोग होतोय.

पुकारेकाकांपासून सुरुवात करतो. हे कोर्टाच्या दारात उभं राहून तीस वर्षं नावं पुकारायचे. निवृत्त झाल्यावर घरात कुणी हाक मारू देईना, म्हणून आत्याच्या प्रचाराला आले. आवाज असा, की भोंग्याची गरज नाही. पण माणसाला एकदा हाक मारणं त्यांना जमत नाही. तीनदाच. "वकीलबाई हाजीर! वकीलबाई हाजीर! वकीलबाई हाजीर हो!" मागच्या रांगेतली दोन माणसं सवयीनं उठून उभी राहिली. एक तर सरळ निघूनच गेला.

आत्या उठली. नमस्कार नाही, बंधू-भगिनी नाही. चष्मा सारखा केला आणि विचारलं, "या टाकीमागच्या रस्त्यावर संध्याकाळी काय होतं?"

सगळे गप्प. ती पण गप्प. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "अंधार होतो."

"आणखी?"

मग एकेक जण बोलायला लागला. कुणाची पिशवी ओढली, कुणाची सायकल गेली, कुणी मुलीची शिकवणी बंद केली. आत्या लिहून घेत होती. पाऊण तासानं म्हणाली, "या रस्त्यावरच्या अकरा केसेस मी चालवल्या. नऊ जणांना शिक्षा झाली. रस्ता अजून तसाच आहे. मी नेहमी सगळं होऊन गेल्यावर पोचायचे. या वेळी आधी पोचायचं म्हणतेय. आभारी आहे." आणि बसली!

गाडीत मी ओरडलोच. "आत्या, मत मागायचं राहिलं!"

"राहिलं नाही. मागितलं नाही."

"का पण?"

"सूचक प्रश्न होतो."

मी आ वासून बघत राहिलो. तेव्हा तिनं सांगितलं. वकिलानं आपल्याच साक्षीदाराला विचारताना प्रश्नात उत्तर घालायचं नसतं. 'तू चोराला पाहिलंस ना?' असं विचारायचं नाही, 'तू काय पाहिलंस?' असं विचारायचं. पहिल्याला म्हणतात सूचक प्रश्न. तो विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला चालतो, आपल्याला नाही.

"मतदार माझे साक्षीदार आहेत. त्यांच्या तोंडात मी उत्तर घालणार नाही."

"पण मत मागणं हा प्रश्नच नाहीये!"

"मग तर ते त्याहून वाईट," आत्या म्हणाली. "हे तुम्हाला शिकवतात. पुरावा कायद्यात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी."

मी खिडकीबाहेर बघितलं.

सोमवार, १०

समोरचे उमेदवार काल बाजारात बोलले. त्यांची पद्धत म्हणजे दर वाक्याला टाळी आणि "होय की नाही?" लोक ओरडतात, "होय!" रस्ते खराब, होय की नाही? होय! बाईमाणसानं घर सांभाळावं, होय की नाही? होय! शेवटी ते म्हणाले, "उन्हाळा आहे, छत्री कशाला हवी, होय की नाही?" आमच्या शेजारचे पेन्शनर आजोबासुद्धा होय म्हणून आले आणि वर मला सांगतात, "अरे, लय लागते." आम्ही त्या उमेदवारांचं नावच होय-की-नाही ठेवलंय.

म्हणून मी मोठं पत्रक लिहिलं. शेवटी ठळक अक्षरात: छत्रीलाच मत द्या! आत्यानं ती ओळ खोडली. मी तसाच तणतणत छापखान्यात गेलो. "शेवटची ओळच नाही. बिनशेंड्याचं पत्रक! लोक वाचतील आणि विचारतील, मग आम्ही करायचं काय?"

प्रेसवालीनं पेन्सिल कानामागून काढली. "मागायचं नाही, विचारायचं चालतं ना तुमच्या आत्यांना?"

"हो."

तिनं खाली लिहिलं, तुमचं मत काय?

मी बघतच राहिलो. मत म्हणजे मतही, आणि मत म्हणजे मतही. आत्याला दाखवलं तर तिनं चष्मा काढून परत घातला. "हे कुणी सुचवलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हं." तिचा हा 'हं' मला कळत नाही.

एक अडचण मात्र आली. साधा कागद होय-की-नाहीनं सगळा आधीच घेऊन टाकलाय. छापखान्यात फक्त शाळेच्या वह्यांचा उरलाय. प्रेसवाली म्हणाली, "एका बाजूला छापू. मागे रेघा राहतील, समासासकट. चालेल का नीट विचार करून सांगा."

तेवढ्यात होय-की-नाहीचा पुतण्या मोटरसायकलवरून आला. रोज येतो. केस विंचरलेले. ती त्याच्याशी हसून बोलली. मी म्हटलं, "चालेल, चालेल! काहीही चालेल!" आणि निघालो.

बुधवार, १२

काहीही चालेल म्हणालो ते चांगलंच नडलं. किंवा फळलं. अजून ठरत नाहीये.

काल पत्रकं घरोघर वाटली. आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर सात पत्रकं परत. मला वाटलं, अपमान! कोण ते शोधून काढणार होतो. उलटून पाहिलं तर मागच्या रेघांवर लिहिलेलं. समास सोडून, तारीख घालून, शाळेत लिहितात तसं.

"आमच्या जिन्याखाली दिवा नाही. मत: हवा."

"तुमची भाषणं लहान असतात. मत: तशीच ठेवा."

"मत विचारल्याबद्दल आभार. आजवर मागायला आले, विचारायला कुणी नाही."

लोकांना वाटलं, रेघा लिहायलाच ठेवल्यात! मी आत्यासमोर पत्रकं ठेवून मान खाली घातली. ती एकेक वाचत गेली. चहा गार झाला. मग म्हणाली, "काका, शिक्का आणा."

पुकारेकाका ट्रंकेतून जुना शिक्का घेऊन आले. कोर्टात पुराव्याच्या प्रत्येक कागदाला, सुरीला, कुलपाला नंबर देतात, त्याला निशाणी म्हणतात. काकांनी सातही पत्रकांवर ठप्पे मारले. निशाणी क्रमांक एक ते सात. मारताना दर वेळी पुकारत होते.

शनिवार, १५

आज छापखान्यात गेलो ते ठरवूनच. मोटरसायकल दारात. तो गेल्यावर मी थेट विचारलं. "तुला तो आवडतो ना?"

ती बघत राहिली. "काय?"

"खरं सांग. तोच आवडतो ना? तो हसतमुख, मी चिडका. तुझं ठरलंयच ना? मी इथे उगाच येतो ना?"

तिनं पेन्सिल टेबलावर आपटली. टोक मोडलं. "हो! हो! आणि हो! झालं समाधान?"

झालं. निदान स्पष्ट तरी झालं.

रविवार, १६

काही घडलं नाही. लिहीत नाही.

मंगळवार, १८

शनिवारनंतर प्रुफं आणायला पुकारेकाकांना पाठवतोय. काल ते परत येऊन म्हणाले, "पोरगी विचारत होती, तुमच्याकडचा तो उद्गारचिन्हवाला आजारी आहे का." मी म्हटलं, "सांगा, मेला." काका म्हणाले, "तीनदा सांगू की एकदा?"

आजच्या सभेच्या पत्रकात तारीख चुकली. सतरा छापली. छापखान्यातून अशी चूक पहिल्यांदाच. मी मनात म्हटलं, प्रेमात पडलं की कामात असंच होतं. मोटरसायकलचा परिणाम.

परत आलेली पत्रकं आता दोनशेच्या वर. आत्या रोज दोन तास वाचते. मी उघडून गल्लीप्रमाणे लावतो. त्यात एक निनावी होतं. शब्दशः उतरवून ठेवतो, म्हणजे हा टिकोजीराव कोण ते पुढे शोधता येईल:

"उमेदवार चांगल्या आहेत. त्यांना सांगणे, की 'विनंती'तली ती दिर्घ असते, हे त्यांच्या पत्रकलेखकास अजून कळलेले नाही. लेखक तापट आहे. कान बंद ठेवून प्रश्न विचारतो."

पुढे आणखी चार ओळी होत्या, पण इथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. नक्की होय-की-नाहीचा माणूस! चोळामोळा करून फेकलं. आत्यानं कोपऱ्यातून उचललं, टेबलावर ठेवून हातानं सपाट केलं, पूर्ण वाचलं.

"हं," म्हणाली. आणि काकांना, "याला ठप्पा मारा. दोनशे चौदा."

"आत्या, ते आपल्याविरुद्ध आहे!"

"तू पूर्ण वाचलंस?"

"गरज नाही."

"दुसरं वर्ष," आत्या म्हणाली, आणि पुढचं पत्रक घेतलं.

गुरुवार, २०

आज सगळे हितचिंतक घरी येऊन बसले. डॉक्टर, मुख्याध्यापिका, रिक्षावाल्यांचे पुढारी. सगळ्यांचं एकच. बाई, तुमची हवा चांगली आहे, पण लोकांना मत मागितल्याशिवाय द्यायची सवय नाही. एकदा तरी हात जोडून मागा, नाहीतर पडाल.

"पडेन कदाचित," आत्या म्हणाली.

"मग करणार काय?"

तिनं खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते मलाही माहीत नाही. सत्तेचाळीस दिवस झाले, सकाळी उठून सवयीनं काळा कोट काढते आणि परत टांगते." ती हे हसत म्हणाली. कुणी हसलं नाही.

संध्याकाळच्या सभेत मागून एकानं ओरडून विचारलं, "बाई, तुमची निशाणी कोणती ते तरी सांगा!" आत्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "एक ते तीनशे सहा." आणि टेबलावरचे गठ्ठे दाखवले. मी शेजारून छत्री उघडून नाचवत होतो, पण तिकडे कुणाचं लक्षच नाही. लोक गठ्ठ्यांकडे बघत होते. एक बाई उठून पुढे आल्या आणि विचारलं, "यात माझं आहे का?" काकांनी शोधून दिलं. निशाणी अठ्ठ्याण्णव. त्या बाईंनी ते हातात धरून सगळ्यांना वाचून दाखवलं. मग दुसरा उठला. मग रांगच लागली.

आत्यानं आज भाषणच केलं नाही.

शनिवार, २२

आजचं लिहिताना आधी कबूल करतो: मी मारणार होतो. लिहिलं नव्हतं आधी. वही घरी होती.

होय-की-नाहीची शेवटची मोठी सभा, दुपारी चारला. मी गर्दीत मागे उभा. बघतो तर दोन हातांवर प्रेसवाली, पत्रकांचा गठ्ठा पोचवायला आलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. म्हणजे दोनदा पाहिलं.

त्यांनी व्यासपीठावर एका माणसाला आणलं. कुलपं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. होय-की-नाही म्हणाले, "या गरीब कारागिराला त्या वकीलबाईंनी तीन वर्षं तुरुंगात टाकलं. होय की नाही?"

"होय," कुलूपवाला म्हणाला.

लोक कुजबुजले. माझं डोकं फिरलं. मी पुढे सरकलो, व्यासपीठाची शिडी पाच पावलांवर होती. मागून कुणीतरी शर्ट धरला. प्रेसवाली! "थांब." मी झटका दिला. वरचं बटण तुटून तिच्या हातात गेलं, पण शर्ट तिनं सोडला नाही. "अरे, आधी पूर्ण ऐक तरी!"

"तुमच्या संसाराची त्यांनी धूळधाण केली, होय की नाही?"

"नाही," कुलूपवाला म्हणाला.

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. "म्हणजे... तुम्ही निर्दोष होता, होय की नाही?"

"छे हो. घड्याळाच्या दुकानाचं कुलूप मीच उघडलं. आणि एक ओरखडा न पाडता उघडलं, विचारा कुणालाही."

हशा झाला. होय-की-नाहींनी कपाळ पुसलं. त्यांनी भोंगा मागे घ्यायला हात केला, पण कुलूपवाल्यानं तो नीट धरून ठेवला. हातात आलेली वस्तू कशी धरायची हे त्याला माहीत असणारच.

"शिक्षा भोगून आलो. मग आमच्या टोळीवाल्यांची केस उभी राहिली तेव्हा बाईंनी मला सरकारकडून साक्षीला बोलावलं. मला वाटलं, आता या सांगतील तसं बोलायचं. बाई म्हणाल्या, काय झालं ते सांगा. आणि बसल्या ऐकत. दीड दिवस! एवढं माझं बायकोनंसुद्धा कधी ऐकून घेतलेलं नाही. तुम्ही आत्ता मला चार वाक्यं सांगितलीत आणि होय म्हणायला लावलंत. बोलायला बोलावलं होतंत ना? मग विचारा की काहीतरी."

भोंगा परत करून तो शांतपणे शिडीवरून खाली उतरला.

मी वळून बघितलं तर प्रेसवाली गेली होती. बटणही.

सोमवार, २४

प्रचार संपला. आत्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, "आपल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारला तर नक्की बिघडतं काय? खरं असेल तर तो हो म्हणेल, नसेल तर नाही."

"सगळे कुलूपवाल्यासारखे नसतात. भित्रा माणूस तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. आणि मानी माणूस वैतागून हो म्हणतो. एकदाचा तू गप्प बसावास म्हणून."

मी विचारलं, "तीनदा हो म्हणालं तर?"

"आवाज कसा होता?"

"पेन्सिलीचं टोक मोडलं."

"साक्ष अग्राह्य," आत्या म्हणाली आणि डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच, "या साक्षीदाराचा लेखी जबाब आहे आपल्याकडे."

कुठल्या साक्षीदाराचा ते विचारलं तर घोरायला लागली. खोटं घोरणं मला ओळखू येतं.

गुरुवार, २७

मतदान. आत्या पहिल्या रांगेत उभी. बाहेर आल्यावर कुणीतरी विचारलं, "बाई, कुणाला दिलंत?" ती म्हणाली, "गुप्त असतं."

प्रेसवाली दिसली. रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती, ती बारावी. बोललो नाही. काय विचारायचं ते ठरलंय. कसं, ते नाही.

शनिवार, २९

तीनशे बारा मतांनी!

मोजणी तीनदा मागेपुढे झाली. एकदा आम्ही चारशेनं मागे होतो. तेव्हा आत्या बाकावर ताठ बसली होती आणि हातातली छत्री उघडत-मिटत होती. टाकीजवळची पेटी शेवटी फुटली आणि सगळं फिरलं. पुकारेकाकांनी फाटकावर उभं राहून निकाल तीनदा पुकारला आणि चौथ्यांदा रडले.

होय-की-नाही स्वतः येऊन हात मिळवून गेले. "बाई, मनापासून अभिनंदन," म्हणाले, आणि सवयीनं, "होय की नाही?" आत्या म्हणाली, "होय." तिला मी पहिल्यांदाच सूचक प्रश्नाला उत्तर देताना पाहिलं.

घरी आल्यावर तिनं काळा कोट काढला. टांगला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला. सभागृहात न्यायचे गठ्ठे बांधायला मला बसवलं, निशाणी एक ते सातशे एकोणीस. सगळ्यात वर टाकीमागचा रस्ता.

गाठ मारता मारता म्हणाली, "तू पुढे काय करायचं म्हणतोस?"

'कॉलेजात परत जाणार ना?' असं विचारलं असतं तर मी नाही म्हणून उठलो असतो. कबूल करतो. पण तसं विचारलं नाही, त्यामुळे खरं उत्तर शोधावं लागलं. "पुरावा कायद्यापासून राहिलंय," मी म्हटलं.

"हं," आत्या म्हणाली. हा 'हं' मला कळला.

रविवार, ३०

सकाळी छापखान्यात गेलो. सुट्टी होती, पण दार उघडं. ती पोटमाळ्यावर. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. खिशात एक आमचं पत्रक होतं, ते तिच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं वाचलं. तुमचं मत काय?

"कशाबद्दल?" ती म्हणाली.

"लेखकाबद्दल." आणि गप्प राहिलो. आत्यासारखा. खाली मशीन बंद होतं. इतकी शांतता मी आयुष्यात कधी सहन केली नाही.

"ते तर मी केव्हाच लेखी दिलंय," ती म्हणाली. "तुमच्याकडे नंबर-बिंबर घालून ठेवता ना? मिळालं नाही?"

मी जिना तीन उड्यांत उतरलो. मोटरसायकलवाला दारात होता, सोबत त्याची होणारी बायको, लग्नाच्या पत्रिका बघायला आलेली. (पत्रिका! महिनाभर तो त्याच्याच लग्नाची पत्रिका छापून घ्यायला येत होता!) मी त्याला मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

घरी आत्या गठ्ठ्यांपाशीच बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "दोनशे चौदा. वेगळं काढून ठेवलंय."

चुरगळलेलं, सपाट केलेलं. पहिल्या ओळी माहीत होत्या. पुढच्या चार:

"...पण प्रुफं न्यायला रोज स्वतः येतो. येत नाही त्या दिवशी माझ्याकडून चुका राहतात. त्याला कुणीतरी पूर्ण वाचायला शिकवावे. मत: मी शिकवीन."

मी ते चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचताना वर, पहिल्या ओळींत, एक गोष्ट दिसली. वही उघडून अठरा तारखेचं पान काढलं. शब्दशः उतरवलं होतं, तिथेही तसंच. माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला ते कधीच येत नाही.

तिनं 'दीर्घ' हा शब्द ऱ्हस्व लिहिला होता.

आत्याच्या टेबलावरून पेन्सिल घेतली. कानामागे लावली. वही इथेच ठेवून निघतोय.